खोकला आणि वीस तारीख

गेल्या हिवाळ्यात मला सात आठवडे खोकला होता. एवढेच सांगितले तर ऐकणारा पुढे काही घडल्याची वाट पाहत राहतो, कारण खोकला हा आपल्याकडे आजारांत धरला जात नाही. ताप चढून माणूस अंथरुणाला खिळला की तो आजारी. जो उठतो, आंघोळ करतो, चहा घेतो आणि टेबलाशी येऊन बसतो त्याला फक्त खोकला झालेला असतो. या दोन अवस्थांच्या मधल्या जागेत मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारी सरत येईपर्यंत राहिले. त्या काळात कामे बहुतेक सगळी वेळेवर झाली. एक मात्र चुकले, आणि ते का चुकले याचा हिशेब मी आता मांडते आहे.

मी अमळनेरला करसल्लागार म्हणून काम करते. ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली, एक कपाट, दोन संगणक आणि वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक मदतनीस मुलगी. अशिलांमध्ये दोन जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने, काही अडते, कापडाची आणि हार्डवेअरची दुकाने आणि थोडे ठेकेदार आहेत. आमच्या धंद्यात महिना तारखांनी मोजला जातो: सात तारखेला टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचा भरणा, अकराला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या तपशिलाचे रिटर्न, वीसला जीएसटीआर-३बी म्हणजे महिन्याचा गोषवारा देऊन कर भरायचे रिटर्न, आणि ३१ डिसेंबरला आदल्या आर्थिक वर्षाचे वार्षिक रिटर्न. त्यातच खानदेशात दिवाळीनंतर कापसाचा हंगाम भरात येतो. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा जीएसटी विकणाऱ्याने नव्हे, तर घेणाऱ्या व्यापाऱ्याने भरायचा असतो. त्यामुळे जिनिंगच्या काट्यावर गाड्या लागू लागल्या की प्रत्येक खरेदीच्या पावतीचा ढीग फिरून माझ्याच टेबलावर येतो. नोकरदाराला निदान रजेचा अर्ज तरी लिहिता येतो. आमच्या धंद्यात आजारपणाची रजा नाही, आणि पोर्टलला कुणाच्या छातीशी काही देणेघेणे नाही.

तीन डिसेंबरला अंग तापले. डॉक्टरांनी तपासून विषाणूचा संसर्ग असल्याचे सांगितले, तापावर गोळी दिली, भरपूर पाणी प्यायला सांगितले आणि प्रतिजैविक मागूनही दिले नाही. चार दिवसांनी ताप उतरला. मी मात्र त्या चार दिवसांतही ऑफिस बंद ठेवले नव्हते; अंगावर शाल, समोर वाफाळते पाणी आणि खुर्चीत अशील, अशा थाटात मी अकरा तारखेची तयारी करत होते, आणि आपण केवढे कर्तव्यदक्ष आहोत याचे मला मनातून कौतुकही वाटत होते. त्या कौतुकाची किंमत पहिल्यांदा मदतनीस मुलीने मोजली. सहाव्या दिवशी तिला ताप आला. ती तेवीस वर्षांची असल्याने नऊ दिवसांत खडखडीत बरी झाली, पण तो ताप तिला मीच दिला होता याबद्दल मला शंका नाही. आजारी असताना कामावर येणे ही निष्ठा आहे असे आपण समजतो. बंद खोलीत शेजारी बसणाऱ्याला त्या निष्ठेचे काय वाटते, हे विचारायची पद्धत नाही.

ताप गेला आणि खोकला राहिला. तो कोरडा होता. घशाच्या तळाशी कुणीतरी सरकीची बोंडे अडकवून ठेवावीत तसा. बोलले की तो यायचा, हसले की यायचा, पहाटेचा गारठा नाकात शिरला की यायचा. आमच्या धंद्यातले सगळ्यांत क्षुल्लक काम म्हणजे रिटर्न भरताना अशिलाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी त्याला फोन करून विचारणे. एरवी अर्ध्या मिनिटाचे ते काम, पण "आप्पा, मोबाइलवर एक नंबर आला असेल" एवढे वाक्य पुरे होण्याआधी मला उबळ यायची, पलीकडे आप्पा शेतात, रेंज अर्धवट, आणि उबळ ओसरेपर्यंत तो ओटीपी शिळा झालेला असायचा. मग आप्पा सुंठ सुचवायचे, दुसरे कुणी अडुळसा, तिसरे जेष्ठमध, चौथे रात्री हळदीचे दूध. मी सगळ्यांना होकार दिला. मधाचा उपयोग खरोखर झाला. बाकीच्यांबद्दल मी मत राखून ठेवते.

रात्र हा वेगळाच मामला होता. आडवे झाले की खोकला वाढत असे, म्हणून मी तीन उशा लावून जवळजवळ बसूनच झोपत होते. सासूबाई दाराशी येऊन आपल्या अहिराणीत म्हणायच्या, "आते जपी जाय व माय, काम काय पयी जाई ऱ्हायनं का?" म्हणजे आता झोप ग बाई, काम काय पळून चालले आहे का? त्यांना कसे सांगणार की पळून जात होते ते काम नव्हे, तारीख होती. दुसऱ्या आठवड्यात बरगड्या अशा दुखू लागल्या की शिंक आली तरी हाताने कूस दाबून धरावी लागे. आणि एक गोष्ट, जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत, ती लिहूनच टाकते: जोराची उबळ आली की लघवीचे थेंब सुटत. अशिलासमोर बसलेले असताना उबळ येते आहे असे जाणवले की मी फाइल आणण्याच्या निमित्ताने उठून आत जात असे. पुढे डॉक्टरांना मोठ्या संकोचाने हे सांगितले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेल्या आणि बाळंतपण झालेल्या बायकांत रेंगाळलेल्या खोकल्याबरोबर हे अगदी नेहमी दिसते असे सांगून ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला. मी दोन आठवडे उगीच लाजत होते.

थकवा दिसत नाही, पण तो वहीत उमटतो. हिशेबनीसांची एक जुनी युक्ती आहे: ताळा जुळत नसेल तर फरकाला नऊने भागून पाहावे. भाग पूर्ण गेला तर बहुधा कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटसुलट पडलेले असतात. ८,६४० ऐवजी ८,४६० लिहिले तर फरक १८० येतो, आणि त्याला नऊने भाग जातो. अंक कोणतेही घ्या, हे असेच होते. एरवी माझ्या हातून अशी चूक महिन्यातून एखादी होते. त्या डिसेंबरात एका आठवड्यात मी अकरा मोजल्या. ताप नव्हता, बोटाला लावायच्या यंत्रात प्राणवायू ९८ दाखवत होता, चेहरा ठीक होता. माझे डोके जागेवर नाही हे फक्त त्या नऊच्या भागाकाराला ठाऊक होते. तेव्हापासून मी वहीच्या मागच्या पानावर अशा चुकांची नोंद ठेवू लागले, आणि आजाराचा चढउतार मला तापमापीपेक्षा त्या पानावर जास्त स्पष्ट दिसला.

बारा तारखेला माझा धीर सुटला आणि मी ओळखीच्या औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय तीन गोळ्यांची प्रतिजैविकाची पट्टी आणवली. तीन दिवसांत खोकला तसूभरही हलला नाही, पोट मात्र बिघडले. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही हे मला माहीत नव्हते असे नाही. पण वीस तारीख जवळ आली की माहीत असलेल्या गोष्टी माणूस बाजूला ठेवतो.

आता मूळ चुकीकडे येते. दर वर्षी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमचे एक मोठे अशील शेतावर भरीत पार्टी देतात. खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे की हे नुसते वांग्याचे भरीत नव्हे: हिरवी, मोठाली वांगी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलून हिरव्या मिरच्यांबरोबर लाकडी भांड्यात ठेचायची, आणि पुरीबरोबर किंवा कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर रात्रीच्या थंडीत शेकोटीपाशी बसून खायची. अठरा तारखेला ते निमंत्रण होते. माझ्या छातीला धूर चालणार नाही हे मला कळत होते. तरी मी गेले, कारण नाही म्हटले तर मोठे गिऱ्हाईक दुखावेल असे वाटले, आणि खोकला हे न येण्याचे कारण म्हणून सांगायची लाजही वाटली. पऱ्हाट्यांचा धूर वाऱ्याबरोबर वळला आणि मला जी उबळ लागली ती अर्धा तास थांबली नाही. यजमानांनीच मला गाडीत घालून घरी आणून सोडले, म्हणजे जे टाळायला गेले होते तेच नीट पार पडले.

एकोणीस तारीख अंथरुणात गेली. वीसला सकाळपासून बसले. जिनिंगची दोन्ही मोठी रिटर्ने आधी घेतली, मग ज्यांचे फोन सारखे येत होते त्यांची, मग ज्यांच्या मुनीमाने दाराशीच ठाण मांडले होते त्यांची. संध्याकाळी पोर्टल मंदावले. शेवटचे रिटर्न रात्री पावणेबाराला गेले आणि मी संगणक बंद केला. सत्तावीस तारखेला मदतनीस मुलीने रजिस्टर समोर ठेवून विचारले, "मॅडम, हार्डवेअरवाल्या काकांपुढे लाल टिक का नाही?"

नव्हतीच. ते गृहस्थ कधी फोन करत नाहीत. दर महिन्याच्या पाच तारखेला खरेदी-विक्रीची बिले नीट लावून आणून देतात आणि निघून जातात. त्यांचे काम सगळ्यांत आधी तयार होते, म्हणूनच ते गठ्ठ्याच्या तळाशी राहिले. सात दिवसांच्या उशिराचे रोज ५० रुपयांप्रमाणे ३५० रुपये शुल्क, आणि ६,४०० रुपयांच्या भरण्यावर वार्षिक १८ टक्क्यांनी सुमारे २२ रुपये व्याज. रक्कम किरकोळ होती. पण हे विलंब शुल्क पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये आपोआप येऊन बसते, आणि ते गृहस्थ प्रत्येक कागद वाचतात. लपवायचे म्हटले असते तरी लपले नसते, आणि लपवावे असा विचार क्षणभर मनात आला होता हेही खरे आहे.

मधल्या काळात खोकल्याला दोन आठवडे उलटले म्हणून मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले होते. गोळ्यांची पट्टी आणल्याबद्दल आधी बोलणी खाल्ली. मग त्यांनी रात्री घाम येतो का, वजन घटले का, रक्त पडते का, चालताना दम लागतो का असे एकेक विचारले आणि थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात क्षयरोग नाही याची खात्री करून घ्यायची, असा आपल्या देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे, आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. मला त्या रांगेत उभे राहायला संकोच वाटला. ओळखीचे कुणी पाहील, "त्या मॅडमना टीबी झाला" असे पेठेत पसरेल, या भीतीने मी तोंडाला ओढणी गुंडाळून गेले होते. तिथे समजले की नुसती थुंकी चालत नाही, छातीतून आलेला बेडका लागतो, आणि माझा खोकला तर ठणठणीत कोरडा. खोल श्वास घेऊन, वाफ घेऊन, कसाबसा नमुना दिला. अहवालात काही निघाले नाही, छातीचा एक्स-रेही स्वच्छ आला.

त्यानंतर डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते मला तीन आठवडे आधी कळले असते तर बरे झाले असते. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला कफ वर लोटणारे अतिसूक्ष्म केस असतात. विषाणू त्या अस्तराची नासधूस करून निघून जातो; ते पुन्हा भरून यायला आठवडे लागतात, आणि तोवर खालच्या नसा इतक्या हळव्या झालेल्या असतात की थंड हवा, धूळ किंवा नुसते बोलणेही त्यांना पुरते. म्हणजे शत्रू गेलेला असतो, पण पहारेकरी ओरडायचा थांबत नाही. साध्या श्वासनलिकादाहानंतरचा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो, आणि लोकांची अपेक्षा मात्र आठवडाभराची असते. औषधांच्या पट्ट्या या मधल्या दहा दिवसांत विकल्या जातात. तीन ते आठ आठवडे चाललेला खोकला संसर्गाच्या मागे उरलेला असू शकतो. आठ आठवड्यांपलीकडे गेला तर मात्र त्याचे वेगळे कारण शोधावे लागते.

मला काही आठवड्यांसाठी श्वासातून घ्यायचे औषध दिले. घरात धक्का बसला. आमच्याकडे पंप लागला म्हणजे दमा झाला आणि तो जन्माचा चिकटला असे समजतात. प्रत्यक्षात ते औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने गोळीच्या मानाने त्याची मात्रा फारच थोडी, मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकी असते. घेतल्यावर चूळ भरायची एवढेच पथ्य. पंधरा दिवसांत रात्रीची झोप परत आली, आणि वहीच्या मागच्या पानावरचे आकडे उतरू लागले.

अठ्ठावीस डिसेंबरला मी हार्डवेअरच्या दुकानात गेले, ३७२ रुपये काउंटरवर ठेवले आणि काय झाले ते सांगितले. काकांनी पैसे मोजून गल्ल्यात टाकले. मला वाटत होते की ते "राहू द्या" म्हणतील. त्यांनी तसे म्हटले नाही, आणि ते मला आवडले. मग त्यांनी विचारले, "मॅडम, तुम्ही एवढ्या आजारी होत्या हे मला कोणी का सांगितले नाही? मी अठराला चक्कर मारून आठवण दिली असती."

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी आजार सगळ्यांपासून लपवला होता आणि तो लपवण्याचा भार जे आवाज करत नाहीत त्यांच्यावर टाकला होता. जिनिंगवाल्यांचे काम होणारच होते, कारण त्यांचे मुनीम ते होईपर्यंत हलणार नव्हते. भरीत पार्टी माझ्यावाचून झालीच असती. जो माणूस माझ्यावर विसंबून गप्प बसला होता, त्याच्याच वाट्याला माझा थकवा आला. एकतीस डिसेंबरच्या वार्षिक रिटर्नांआधी मी पहिल्यांदा सगळ्या अशिलांना संदेश पाठवला: खोकल्यामुळे फोनवर बोलता येत नाही, ओटीपी लिहून पाठवावा, रोज दुपारी दोन ते चार ऑफिस बंद राहील. कुणी रागावले नाही. दोघा-तिघांनी उलट मलाच विचारले की नेहमीच अशी वेळ ठेवली तर चालणार नाही का.

जिनिंगमधल्या एका जुन्या मुनीमांशी याबद्दल बोलणे निघाले तेव्हा ते म्हणाले की आमच्याकडची माणसे हंगामभर खोकतात, त्यांना कोण विचारते? कापसाच्या धुळीने छाती आवळून येण्याच्या विकाराला बिसिनोसिस असे नाव आहे, आणि सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी तो जास्त जाणवतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईला दोन ते चार बंद ठेवायला ऑफिस नसते. त्यांच्या पावत्या वर्षानुवर्षे माझ्या टेबलावर येत आहेत. त्यांवर वजन असते, दर असतो, मजुरीही असते, आणि मी त्यातून याहून अधिक काही वाचले नव्हते.

जानेवारीत मी एक काम सोडले. सव्वीस तारखेला बचत गटाच्या बायकांना हिशेब ठेवण्याविषयी तासभर बोलायचे कबूल केले होते. तोवर खोकला बराच उतरला होता, रेटून बोलता आलेही असते. मी टिपणे मदतनीस मुलीच्या हाती दिली आणि मागच्या रांगेत बसले. तिने पाच मिनिटांत माझी टिपणे बाजूला सारून अहिराणीत बोलायला सुरुवात केली, आणि बायका ज्या तऱ्हेने प्रश्न विचारू लागल्या तशा त्या माझ्या प्रमाण मराठीतल्या व्याख्यानांना कधी विचारत नाहीत.

त्याच्या आधीची, वीस जानेवारीची गोष्ट राहिली. सकाळी दहाला मी जेमतेम खुर्चीत बसते आहे तोच फोन वाजला. हार्डवेअरवाले काका होते. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःहून केलेला तो पहिला फोन.

"मॅडम, टिक झाली का?"

मी फोन दूर धरून एकदा खोकले आणि म्हणाले, "अठरालाच झाली, काका."